हात जड झाले म्हणे

"विकून टाक की लेका. कपाटावर ठेवून काय तिला पेन्शन लावणार आहेस?"

"विकत नाही असं कोण म्हणतंय?"

"मग घोडं कुठं अडलंय?"

"अडलंय कुठं... पडलीय बिचारी. खायला मागत नाही, प्यायला मागत नाही."

"धूळ खातेय की. आणि तू तरी कधी हात लावतोस? वर्षातून एकदा मनात आलं की काढायची, चार तारा खाजवायच्या, तोंड पाडायचं आणि परत वर सारायची. कपाटाला पाठ झालं असेल तुझं तोंड."

हे बोलणारा मास्तर दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर बसला होता. ऐकणारा खाली गोणपाटावर, लाँड्रीवाल्याची मोटर दोन्ही गुडघ्यांत आवळून, तिच्या पोटातली जळकी तार छिनीने तोडत बसला होता. जळक्या वार्निशचा वास नाकात बसला की दोन दिवस जात नाही, जेवणाला पण तोच वास येतो. मास्तर नाकाला रुमाल लावून बोलत होता. वायंड्याला वास येतच नव्हता. तीस वर्षं त्यात बसलेल्या माणसाला तो यायचा तरी कुठून?

वायंड्या म्हणजे वाइंडर. जळलेल्या मोटरी, पंखे, पंप नव्या तारेने भरून देणारा. आईबापांनी ठेवलेलं नाव रेशनच्या कार्डावर असेल तेवढंच. बाकी सगळ्या गल्लीला तो वायंड्या, पोराटोरांना वायंडरकाका. हात मात्र असा, की त्याने भरलेली मोटर दुसऱ्यांदा दुकानात आली तर ती दुसऱ्या कशाने तरी आली म्हणून समजायचं.

मास्तर गिटारचा क्लास चालवायचा. त्याच्या क्लासला एक पोस्टमन यायला लागला होता. नोकरीतून मोकळा झालेला, घरात बसून बायकोच्या पायात पायात येणारा. त्याला गिटार पाहिजे होती. नवी परवडत नव्हती आणि एवढ्या वयात नवी घेऊन करायची तरी काय, असं त्याचं म्हणणं. मास्तरने वायंड्याच्या जुन्या गिटारचा त्याला परस्पर शब्द देऊन टाकला होता. रविवारी तो येईल, बघेल, घेऊन जाईल, असं मास्तरने सांगितलं आणि वायंड्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेला. जाताना हात वायंड्याच्याच शर्टाला पुसला. असली सलगी त्यालाच चालायची. पोरपणापासूनची दोस्ती होती.

त्या दोस्तीची गोष्ट सांगायची तर कॉइलपासून सांगावी लागते.

दोघं पंचविशीत होते तेव्हा एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. लग्नं, कंपन्यांचे वाढदिवस, कुणाच्या नव्या दुकानाचं उद्घाटन, बोलावणं येईल तिथे जायचं. मास्तर तेव्हा मास्तर नव्हता, मागे उभा राहून ठेका धरणारा दुसरा गिटारवाला होता. पुढे असायचा वायंड्या. दिवसभर मोटरी भरायचा, संध्याकाळी साबणाने कोपरापर्यंत हात घासायचा आणि गळ्यात गिटार अडकवायचा. गिटार जुनीच घेतलेली, निळ्या रंगाची, कडेला टवके उडालेली. घेतली तेव्हा तिची एकुलती कॉइल मेलेली होती. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक-दोन कॉइली असतात, लोहचुंबकावर बारीक तार गुंडाळलेल्या. तार थरथरली की कॉइल ते ऐकते आणि अँप्लिफायरला सांगते. कॉइल मेली की गिटार मुकी. विकणाऱ्याला वाटलं, बला गेली. त्याला काय माहीत, गिऱ्हाईक कोण आलंय.

वायंड्याने ती कॉइल स्वतः भरली. तार केसाहून बारीक, जोराने श्वास सोडला तरी तुटेल अशी. गिटारवाले लोक तिचे फेरे बेताने देतात, बॉबिनवर, म्हणजे तारेच्या रिळावर, थोडी जागा सोडतात. हे वायंड्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. मोटरवाल्यांच्यात रिकामी जागा सोडणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडाला पानं पुसणं. खाचेत मावेल तेवढी तार ठासून घालायची, ही त्याच्या उस्तादाची शिकवण. त्याने बॉबिन काठोकाठ भरली, वर पांढऱ्या दोऱ्याने बांधली, दोऱ्याचं शेपूट वळवून गाठीच्या पोटात घातलं, वार्निश दिलं आणि बसवली.

गिटारवाल्याच्या हिशेबाने ही चूकच. पण त्या चुकीतून जो आवाज निघाला त्याला तोड नव्हती. जाडसर, थोडा घोगरा, घसा बसलेल्या माणसाने कानाशी येऊन बोलावं तसा. लोक जेवणाच्या पंगती सोडून स्टेजपाशी येऊन उभे राहायचे. दुसऱ्या ऑर्केस्ट्रावाले गिटार उलटीपालटी करून बघायचे आणि काही न कळून परत द्यायचे.

पुढे मास्तरला लांबच्या एका मोठ्या हॉटेलात हंगामभर वाजवायचं काम मिळालं. त्याच्या लाल गिटारची मान वाकली होती. त्याने वायंड्याची मागितली. वायंड्याचं तेव्हा नुकतं लग्न होऊन मुलगी झाली होती, दुकानही वाढलं होतं. त्याने एका शब्दावर दिली. हंगाम संपला, मास्तर आला, गिटार चकचकीत पुसून, नव्या तारा चढवून परत दिली. वर बाळाला स्वेटर आणला.

वायंड्याने त्या संध्याकाळी गिटार लावली आणि वाजवायला घेतली तर आवाज निघेना. निघायचा, पण कसला? पत्र्यावर खडे पडल्यासारखा. तारा बदलल्या, अँप्लिफायर बदलला, वायर बदलली. शेवटी मास्तरलाच विचारलं. मास्तरने ऐकलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "कसं सांगू गड्या, गिटारला काही झालेलं नाही. तुझे हात जड झालेत. मोटरी भरून भरून होतं असं."

वायंड्याने ते मानलं.

का मानलं, हे दुसऱ्या कुणाला पटायचं नाही. कॉइल उघडून बघायला पाच मिनिटं लागली असती. पण त्याच्या उस्तादाचा एक दंडक होता: आपण भरून, बांधून, वार्निश देऊन बसवलेली वस्तू आपण होऊन उघडायची नाही. गिऱ्हाईक परत घेऊन आलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर उघडून बघणं म्हणजे आपल्याच कामावर आपला भरवसा नाही, आणि एकदा ती खोड लागली की हात कापायला लागतो. वायंड्याने तीस वर्षं ते पाळलं. त्यामुळे दोष कुठे आहे हे हुडकताना त्याने सगळीकडे बघितलं, फक्त कॉइल सोडली. कॉइल त्याने भरली होती. तिच्यात खोट निघेल कशी? उरले हात.

त्याने ऑर्केस्ट्रा सोडला. मास्तर पुढे आला. त्याच्या दुरुस्त होऊन आलेल्या लाल गिटारमधून आता असा आवाज निघायचा, की लोक म्हणायचे, हॉटेलात राहून माणूस तयार होऊन आला. वायंड्या पैसे देऊन त्याचे कार्यक्रम ऐकायला जायचा. बायकोला कोपराने ढोसून सांगायचा, "बघ, हात असा असावा लागतो." कुणी विचारलं की तू का सोडलंस, तर आपले पंजे पुढे करून हसायचा. "हे फावडे घेऊन गिटार वाजते होय?"

मुलगी मोठी होऊन नोकरीला लागली, दुसऱ्या गावी गेली. एवढा काळ तो हसत राहिला.

तर आता रविवारी गिऱ्हाईक येणार म्हणून शनिवारी दुपारी त्याने गिटार कपाटावरून उतरवून दुकानात आणली. वायर खुपसायचं भोक सैल झालं होतं, हललं की खरखर करायचं. विकायची वस्तू सैल द्यायची नाही. आतला जोड सोल्डर मारून पक्का करायचा तर वरची प्लास्टिकची पट्टी काढावी लागणार होती. पट्टीलाच कॉइल अडकवलेली असते, पण हे काही कॉइल उघडणं नव्हतं, भोकाचं काम होतं. असं मनाशी म्हणून त्याने स्क्रू काढले आणि पट्टी उलटी केली.

जोड दिसला. सोल्डरगन तापली. तोंडात सोल्डरची तार धरून तो वाकला, आणि तसाच राहिला.

कॉइलला दोरा काळा होता. गाठ साधी, बुटाची बांधतात तशी, शेपूट बाहेर लोंबत होतं. बॉबिनवर कडेला जागा रिकामी.

पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते असं, की हे आपण कसं केलं? खरंच, त्याला आधी स्वतःचीच लाज वाटली. एवढं गबाळं काम आपल्या हातून? मग त्याने कॉइल सोडवून उजेडात धरली. तार तांबूस नव्हती, पिवळट होती. असली तार त्याच्या दुकानात कधी आलीच नव्हती. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की ही आपली नाहीच.

सोल्डरगन गोणपाटाला टेकून धूर निघायला लागला तेव्हा तो भानावर आला. गोणपाट विझवलं. शेजारच्या टायरवाल्याने विचारलं, काय जळलं? वायंड्या म्हणाला, काही नाही. भर दुपारी शटर ओढलं. शेजारची दुकानं बघत राहिली. कुणीतरी गेलं असणार, असं त्यांना वाटलं.

मास्तरचा क्लास चपलांच्या दुकानावर, एका खोलीत. भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवलेले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आवाज तरीही जायचा, आणि खोलीला खुराड्याची कळा आली होती. मास्तर एकटाच होता, कुणाची तरी गिटार लावत बसला होता. वायंड्याने खिशातून ती कॉइल काढली आणि त्याच्या पुढ्यात, चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"कधी काढलीस?"

मास्तरने कॉइलकडे बघितलं, मग वायंड्याकडे. ही कसली कॉइल, असं तो म्हणाला असता तर वायंड्याला बरं वाटलं असतं. भांडायला जागा झाली असती. मास्तर म्हणाला, "आत्ता उघडलीस होय?"

"कधी काढलीस विचारतोय."

"हॉटेलातून निघताना. त्याला जमाना झाला रे."

"का?"

"का म्हणजे? आवाज पाहिजे होता मला. रोज लोक त्या आवाजासाठी टेबल सोडायचे नाहीत. तुझी गिटार परत द्यायची म्हणजे तो पण परत द्यायचा. जिवावर आलं."

"मागायचीस की. दिली असती मी. दुसरी भरून दिली असती तुला."

"दिली असतीस, माहितीय. आणि जन्मभर म्हणत फिरला असतास, याचा आवाज माझ्या हातचा आहे म्हणून."

"मी असं म्हटलं नसतं."

"तू नसतंसच म्हटलं. मला ऐकू आलं असतं."

खाली चपलांच्या दुकानात कुणीतरी पायात न जाणारी चप्पल घालून दाखवा म्हणून हट्ट धरून बसलं होतं. ते सगळं वर ऐकू येत होतं. मग वायंड्याने जे विचारायला तो आला होता ते विचारलं. कॉइल चोरलीस, ठीक. हात जड झाले म्हणालास, ते कशाला?

मास्तरने गिटार खाली ठेवली. "तू विचारायला आलास. काहीतरी सांगणं भाग होतं. तोंडाला आलं ते बोललो. मला काय माहीत तू धरून बसशील? महिनाभर धडकी होती मला, आज उघडशील, उद्या उघडशील. तू उघडलीच नाहीस. आता त्याला मी काय करू?"

म्हणजे चूक वायंड्याचीच निघाली. उघडायला पाहिजे होती.

वायंड्याने कॉइल परत मागितली, ती खरी. मास्तर म्हणाला, ती लाल गिटार विकून दहा-बारा वर्षं झाली, कुणाला विकली तेही धड आठवत नाही. वर त्याने चहा घेणार का विचारलं. सवयीने विचारलं असावं. वायंड्या उठला. जिन्यात मास्तरचा आवाज मागून आला, की पोस्टमनला उद्या पाठवू ना, का राहू दे? वायंड्या उतरत राहिला.

बायको घरी पडदे शिवत होती. तिचा तोच धंदा, दुसऱ्यांच्या खिडक्यांचे पडदे. घरच्या खिडकीला मात्र जुनी चादर. वायंड्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं नाही. शिवण संपेपर्यंत ऐकलं, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "मला वाटायचंच. हाताला काही झालं नव्हतं तुमच्या."

"कशावरून?"

"अहो, त्याच हातांनी तुम्ही घड्याळवाल्याच्या बारक्या कॉइली भरत होतात. केसासारखी तार, एकदा तुटू द्यायचा नाहीत. जड हाताला जमतं होय ते?"

एवढी सरळ गोष्ट. दुकानात रोज डोळ्यांसमोर होती, आणि त्याला दिसली नव्हती.

"मग तेव्हा बोलायला काय झालं होतं?"

तिने पडद्याची घडी घातली. परत मोडली, परत घातली. "तुम्ही संध्याकाळचे घरी राहायला लागला होतात. पोर लहान, मी एकटी, तुम्ही यायचात ते सगळं गाव झोपल्यावर. मी म्हटलं, बरं झालं. हात तर हात."

मास्तरने केलं ते केलं. त्याच्यावर चिडता तरी येत होतं. हिच्यावर चिडायला जावं तर तिच्या बोलण्यात खोट निघेना. त्या दिवशी दोघं पाठीला पाठ लावून जेवली म्हटलं तरी चालेल. तिने दोन वेळा भाजी पुढे सारली, त्याने दोन वेळा मागे. शेवटी ती म्हणाली, "विका नाहीतर वाजवा. पण परत त्या कपाटावर चढवू नका. मला बघवायचं नाही आता."

विकायची की नाही, हे शनिवारपर्यंत सोपं होतं. आता अवघड झालं. विकली तर मास्तरचं खोटं कायमचं मिटून जाणार, गिटार त्याच्याच क्लासात त्याच्याच शिष्याच्या मांडीवर, आत त्याचीच भंगार कॉइल. ठेवली तर रोज डोळ्यांपुढे. फोडून टाकावी असंही एकदा मनात आलं. पण ज्याचा जन्म तुटलेलं जोडण्यात गेला त्याला फोडायचं कसं ते माहीत नसतं. तो हातोडी घेऊन उभा राहिला आणि हातोडी परत जागेवर ठेवली.

रविवारी सकाळी तो दुकानात गेला. शटर अर्धं उघडलं. फळीवर मागच्या रांगेत केसाहून बारीक तारेचं एक रीळ होतं. ती मास्तरची बॉबिन त्याने मोकळी केली, पिवळट तार गोळा करून कचऱ्यात टाकली, आणि हातमशीनवर चढवून भरायला घेतली. मोटरवाल्याच्या रीतीने, काठोकाठ, एक धागा मावेल एवढी सुद्धा जागा न ठेवता. तार तुटली नाही. पांढरा दोरा, शेपूट गाठीच्या पोटात, वार्निश. दिव्याखाली वाळवली आणि बसवली.

अँप्लिफायर जुनाच होता. त्याने वायर खुपसली, बोट तारेवर टेकवलं आणि एक सूर ओढला.

तोच. तस्साच. घसा बसलेला, कानाशी आलेला. इतकी वर्षं हा आवाज त्याच्या दुकानातल्या फळीवर रीळ होऊन पडला होता.

मग तो वाजवायला लागला, आणि थांबला. परत लागला. बोटं जागेवर पोचायला उशीर करत होती. सूर सुटायचा तिथे अडकायचा, अडकायचा तिथे सुटायचा. जी गत पूर्वी झोपेत वाजवली असती ती आता शाळकरी पोरासारखी, अडखळत, जीभ बाहेर काढून. तासभर तो झटत राहिला. करंगळी तर हलायलाच तयार नव्हती. इतकी वर्षं न वाजवल्यावर दुसरं काय होणार?

मास्तर तेव्हा खोटं बोलला होता. आता ते खरं झालं होतं. बसल्या जागी त्याने ते खरं करून ठेवलं होतं, आणि त्यासाठी वायंड्याने स्वतःहून मदत केली होती.

त्याला रडू आलं नाही. आली ती शिवी, आणि तीही दुकानात ऐकायला कुणी नव्हतं म्हणून वाया गेली.

दुपारी पोस्टमन आला. उन्हाने रापलेला, पायाने थोडा फेंगडा, सायकलवरून नुकताच उतरल्यासारखा चालणारा. मास्तरने पाठवलं का, असं वायंड्याने विचारलं. तो म्हणाला, नाही, ते म्हणाले घाई करू नका, दुसरी बघू. पण मी ठरवलेल्या दिवशी ठरवलेल्या दारात जातो, जन्मभराची सवय आहे. त्याने गिटार मांडीवर घेतली. त्याला एकच चाल येत होती, तीही अर्धी. ती त्याने बिनदिक्कत बडवली, चुकला तिथे "माफ करा" म्हणाला आणि पुढे गेला. वाजवून झाल्यावर गिटारकडे वाकून बघत राहिला.

"हिचा आवाज वेगळा आहे हो. क्लासातल्या बाकीच्या काड्या वाजवल्यासारख्या वाजतात. ही बोलते."

वायंड्या त्याच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याच्या डोक्यात क्लासची खोली उभी राहत होती. अंड्यांचे ट्रे. चहाचा कप. समोर मास्तर, आणि हा भला माणूस अर्धी चाल बडवतोय, प्रत्येक चुकीला तो आवाज निघतोय. आठवड्यातून दोनदा. मास्तर कान कुठे ठेवणार?

"न्या," तो म्हणाला. "पैसे ठरलेत तेवढेच द्या. पण क्लासला हीच न्यायची. दुसरी नाही."

पोस्टमनला अट विचित्र वाटली, पण त्याने मान डोलावली. गिटार खांद्याला लावून तो गेला. वायंड्या दारात उभा होता. बरं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं फार काही वाटलं नाही. दाढ काढल्यावर जीभ जशी सारखी त्या खड्ड्याकडे जाते, तसं मन सारखं कपाटावरच्या रिकाम्या जागेकडे जात राहिलं. घरी बायकोने त्या जागेवर जादा गाद्या रचल्या. त्याला विचारलं नाही. दोघांचं बोलणं सुरू झालं होतं, पण मीठ आहे का, दार लावलं का, एवढ्यापुरतंच.

पुढच्या गुरुवारी पोस्टमन परत दुकानात आला. खांद्याला गिटार. वायंड्या लाँड्रीवाल्याच्या मोटरच्या खाचांत कागद बसवत होता. त्याने वर न बघता विचारलं, परत करायला आलात का?

"नाही हो. विचारायला आलो. मास्तर म्हणाले हिची कॉइल खराब आहे. म्हणून आवाज असा बसल्यासारखा येतो. म्हणाले, आठवडाभर माझ्याकडे ठेवून जा, मी चांगली बसवून देतो, पैसे सुद्धा नकोत. आता ठेवू का नको?"

वायंड्याचा हात थांबला. मग त्याला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. मोटर मांडीवरून घसरली तरी ते थांबेना. टायरवाला डोकावून गेला. पोस्टमनला कळेना की आपण काय विनोद केला. बऱ्याच वेळाने डोळे पुसून वायंड्याने त्याला खाली गोणपाटावर बसवलं आणि सगळं सांगितलं. वाढवून नाही, कमी करून नाही. आतापर्यंत हे त्याने बायको सोडून कुणाला सांगितलं नव्हतं, आणि बायकोला ते आधीच माहीत होतं.

पोस्टमनने शेवटपर्यंत ऐकलं. गिटारवरचा हात काढून परत ठेवला, जरा घट्ट.

"मग ठेवत नाही."

"ठेवू नका."

"आणि क्लास?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

"तुम्ही शिकवाल का?"

"नाही."

"थोडं थोडं. मला काय, अर्धी चाल पुरी झाली तरी पुष्कळ."

"मला येत नाही आता," वायंड्या म्हणाला. हे बोलताना त्याने पंजे पुढे केले नाहीत आणि हसलाही नाही. पोस्टमनने पुन्हा आग्रह धरला नाही. बरेच दरवाजे बघितलेला माणूस होता, कुठलं उघडत नाही ते त्याला कळायचं. उठला, गिटार खांद्याला लावली, अडचण नको म्हणून आडवी धरून शटरखालून बाहेर पडला.

रस्त्यावर लाँड्रीवाला येताना दिसला, हातवारे करत. आठवडा झाला, गिऱ्हाइकांचे कपडे ओले पडलेत, आज मोटर मिळणार आहे की नाही, असं तो लांबूनच विचारत होता. वायंड्याने घसरलेली मोटर उचलून परत गुडघ्यांत आवळली.

"संध्याकाळी ये," तो म्हणाला, आणि पुढची खाच भरायला घेतली.